हिरवा शालू कुणाचा

आमचे गणिताचे सर माझ्या खोलीत आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काखेत धरूनच. बसवकल्याणला बसस्टँडच्या मागे, वरच्या मजल्यावर माझी एडिटिंगची खोली आहे. लग्नाची, बारशाची, निवृत्तीच्या समारंभाची शूटिंगं माझ्याकडे येतात. मी ती कापून, जोडून, रंग नीट करून देते. ज्या सरांनी सातवीत मला अपूर्णांकांपायी आठवडाभर बाकावर उभं केलं, ते आता माझ्या शेजारी स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत होते. मला मनातून फार बरं वाटत होतं.

सरांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी मोठा कार्यक्रम केला होता. त्याचा व्हिडिओ माझ्याकडे होता.

सरांनी फ्रेम उघडली. "ह्यो आमच्या लग्नाचा फोटू. ह्याचा जो रंग हाय, तोच सगळ्या व्हिडिओला दे. जुनं वाटलं पायजे."

फोटो कोहिनूर गावातल्या मांडवातला. मधे नवरा-नवरी, आजूबाजूला दहा-बारा माणसं, वर आंब्याच्या पानांचं तोरण. खिडकीसमोरच्या भिंतीवर इतकी वर्षं टांगल्यामुळे त्यातला निळा आणि हिरवा रंग पार उडून गेला होता. अख्खं लग्न चहात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं.

"ह्यो शालू बघ," सर नवरीवर बोट ठेवून म्हणाले. "पोपटी हिरवा. गुलबर्ग्याला जाऊन मी सोता पसंत केलेला."

मी पाहिलं. शालू गेरूसारखा दिसत होता. पण सरांना उलट बोलायची सवय शाळेतच मोडलेली, म्हणून मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या. खाली गिरणीत दळण टाकलंय, ते होईपर्यंत बसते म्हणाल्या. बसल्या आणि लगेच मुद्द्यावर आल्या.

"सरांनी शालू हिरवा म्हनून सांगितलं का?"

"व्हय."

"जांभळा होता. परवा कार्यक्रमात नेसले न्हवं का, तोच. ट्रंकेत कापडात बांधून ठेवलाय म्हनून रंग टिकला."

"सर म्हणाले, तो नंतरच्या दिवाळीतला."

"त्येंला काय कळतंय! पंचेचाळीस वर्षं भांडायलेत माझ्यासंगं. तुझ्या कंप्युटरला इचार की, खरं काय ते."

काकू गमतीनं म्हणाल्या, पण माझ्या डोक्यात ते बसलं. कारण इचारता येत होतं. फोटोचा रंग व्हिडिओला नेमका जुळला, की कार्यक्रमातला जांभळा शालू फोटोतल्या शालूसारखा दिसायला हवा. दिसला तर काकू खऱ्या, नाहीतर सर.

सॉफ्टवेअरमध्ये रंग आपोआप जुळवणारं एक बटण आहे. फोटो दाखवायचा, व्हिडिओ दाखवायचा आणि दाबायचं. मी दाबलं. पंगतीतली बासुंदी विटेच्या रंगाची झाली आणि सरांचे जावई उन्हात वाळत घातलेल्या मिरचीसारखे दिसायला लागले. बटणाला काय कळणार मांडव आणि मंगल कार्यालय यांतला फरक! मग सगळं पुसून हातानं करायला बसले.

आधी काळा रंग. फोटोतला काळा आता काळा राहिलाच नव्हता, राखेसारखा झाला होता. व्हिडिओतल्या माणसांचे केस त्या राखेपर्यंत आणले. मग पांढरा. काकूंच्या वडिलांचं धोतर फोटोत पिवळसर गुलाबी झालेलं, म्हणून व्हिडिओतले पांढरे सदरे तिथवर नेले. मग निळा हळूहळू काढत गेले, हिरवा त्याहून जास्त काढला. शेवटी माणसांच्या चेहऱ्याचा रंग जुळला. मग मी फोटो आणि व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून काकूंकडे पाहिलं. दोन्हीकडच्या काकू गेरू नेसल्या होत्या. अगदी एकच गेरू.

काकू खऱ्या होत्या.

पण तेवढ्यात दुसरंच दिसलं. व्हिडिओत दारावर आंब्याची पानं होती, ती या रंगात मोहरी वाटल्यासारखी पिवळट तपकिरी झाली होती. फोटोतलं तोरणही तसंच. आणि फोटोत नवरीच्या डाव्या खांद्यामागे उभ्या असलेल्या मुलीचा शालू, तोही हुबेहूब तसाच. म्हणजे हिरवा शालू मांडवात होता. नवरीच्या अंगावर नव्हता, एवढंच.

ती मुलगी म्हणजे काकूंची धाकटी बहीण. सरांची मेव्हणी.

मी खुर्चीत मागे टेकून एकटीच हसले. ज्या माणसानं मला अपूर्णांकांपायी आठवडाभर उभं केलं, त्या माणसाची नजर भर मांडवात कुठं होती, ते मला सापडलं होतं!

काकूंना मी फक्त जांभळ्याचं सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या, की दुसऱ्या दिवशी डबाभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. मेव्हणीचं मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. त्याऐवजी व्हिडिओच्या सुरुवातीला तो फोटो घातला, जसा आहे तसा, तपकिरी. आणि पाच सेकंदांनी त्यातला फक्त डावीकडचा शालू हळूहळू हिरवा होत जाईल असं केलं. बाकी सगळे चहात, आणि एक शालू पोपटी. लाडू खात खात मी ते काम फार मन लावून केलं.

रविवारी दुपारी सरांच्या घरी जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीसमोर बसले. मेव्हणीही गुलबर्ग्याहून आल्या होत्या. मला मुद्दाम पुढची खुर्ची दिली होती. फोटो आला. "आता कसं जुनं वाटायलंय!" सर म्हणाले. मग शालू हिरवा होऊ लागला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सर लाजतील, काकू टोमणा मारतील आणि मी पोट धरून हसेन.

पण आधी मेव्हणीच बोलल्या. "अगं बाई, ह्यो तर माझा हिरवा शालू! अक्का, तू दिलेला."

"मी कधी दिले?" काकू म्हणाल्या. आवाज जरा बारीक झाला होता.

"लग्नाच्या आदल्या दिवशी की! भावजींनी गुलबर्ग्याहून आनलेला. तू म्हनलीस, शेवाळासारखा दिसायलाय, मी न्हाई नेसत, तूच नेस. आन् माझा जांभळा तू घेतलीस."

सर सावकाश काकूंकडे वळले. असं वळताना मी त्यांना वर्गात पाहिलं होतं. "म्हंजे मी हिरवाच आनलेलो?"

"आनला होता," काकू म्हणाल्या.

"मग पंचेचाळीस वर्षं मला खोटं पाडायलीस कामून?"

"मी खोटं कुठं बोलले? मी नेसलेला जांभळाच होता. तुम्ही इचारलंच न्हाई कधी, हिरवा कुठं गेला म्हनून."

जावई आधी हसले, मग सगळी खोली. सरांनी मात्र रिमोट मागून घेतला आणि फोटो पुन्हा लावला. शालू हिरवा होईपर्यंत ते पुढे वाकून बघत राहिले. मग मेव्हणीला म्हणाले, "निदान तुमाला तरी आवडला का?"

"मला? फाटेपर्यंत नेसले की भावजी! दोन पोरींच्या बारशाला तोच होता."

सर खूश होऊन मागे टेकले. काकू चहाच्या निमित्तानं आत गेल्या आणि जाताना माझ्या खांद्यावर चिमटा काढून गेल्या. "लाडू माझे खाल्लीस," त्या कानाशी म्हणाल्या, "आन् फितूर तिकडं झालीस व्हय?" सरांना पकडायला लावलेल्या जाळ्यात माझंच माणूस सापडलं होतं, आणि सरांबद्दल मी चार दिवस जे मनात धरून हसत होते, ते तर आता कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

व्हिडिओ शेवटी दोन रंगांत दिला. सरांना चहाच्या रंगाचा, काकूंना खऱ्या रंगाचा. दोघं आळीपाळीनं लावतात म्हणे.

पंधरा दिवसांनी सर पुन्हा आले, फ्रेम काखेत.

"एक सांग. मी जो कोट घातलाय, तो निळा होता का काळा? ही म्हनते तो माझा न्हवताच, तिच्या भावाचा उसना होता. त्याचा काळा होता. माझा निळा."

मी फोटो स्कॅन केला, मोठा केला, कोटाच्या बाहीपाशी बराच वेळ पाहिलं. एव्हाना त्या फोटोतला कुठला रंग उडून काय झालाय, हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. सर स्टुलावर हात जोडल्यासारखे बसून होते.

"न्हाई कळत, सर," मी म्हटलं. "कोटाचा रंग पार उडालाय."