नव्या खोगिरावरचे पोते

नवी वस्तू घोडीच्या पाठीवर चढवण्यापूर्वी मी तिची परीक्षा घेतो. सवय जुनी आहे. पागेत नोकरी केलेल्या माणसाचा चामड्यावर भरवसा नसतो. नव्यावर तर मुळीच नाही.

गेल्या कार्तिकात नातीसाठी नवे खोगीर करवून घेतले. ती तेरा वर्षांची. चालत्या घोडीवर ती नीट बसू लागली होती. नवे खोगीर घालायचे होते त्या सकाळी तिला प्रथमच दुडकी शिकवायची होती. दुडकीत खोगीर फिरले तर पोर थेट खुरांखाली. घरात दुसऱ्या कोणाला घोड्याचे काही कळत नाही. जबाबदारी माझी होती.

खोगीर करणारा कारागीर बाभुळगावचा; माझ्याच वयाचा, पण सगळे त्याला चाचा म्हणतात. त्याची हयात वरातीच्या घोड्यांचा साज शिवण्यात गेली. संशयाचे कारण हेच. वरातीची घोडी पावलापावलाने चालते, लगाम दुसऱ्याच्या हाती असतो. तिथल्या शिलाईला दुडकीचे हिसके ठाऊक नसतात. शिवाय त्या सकाळी तो न बोलावता आमच्या वावरात आला. चोख काम देणारा मनुष्य आपल्या कामाच्या मागोमाग कशाला येईल?

मी प्रत्येक टाका नखाने तपासला. पाय ठेवायच्या रिकिबींचे पट्टे ओढून पाहिले. पोटाखालचा तंग आवळला. मग सोयाबीनचे अर्धे पोते खोगिरावर बांधले आणि घोडीला लांब दोरीवर फेऱ्या घालायला लावल्या.

कारागीर वावराच्या धुऱ्यावर बसून पाहत होता.

“पोरीले शिकवून राह्यले का पोत्याले, भाऊ?”

“पोतं पडलं तर रडत नाही, चाचा.”

“पिऊन बसलेले नवरदेव सांभाळले माह्या खोगिरानं. तुमचं पोतं काय घेऊन बसले?”

नात हसली. मी हसलो नाही.

पोते जागचे हलले नाही. ते उतरवून मी नातीला चढवले. दुडकी लागली आणि दुसऱ्याच वळणावर खोगीर डावीकडे कलले. मी घोडी थांबवली तेव्हा नात तिच्या मानेला लोंबकळत होती. सुदैवाने लागले नाही.

“वरातीचं काम,” मी म्हणालो. “मले माहीत होतं.”

 कारागीर उठून आला, त्याने तंगाखाली हात घातला. अख्खा पंजा आत गेला.

“पोतं उतरवल्यावर तंग आवळला होता का?”

मी वाकून तंग चाचपला.

“खोगिराखालचा लोकरीचा नमदा नवा आहे, भाऊ. तुमच्या पोत्यानं दबला. तंग ढिला झाला. सारे टाके पाह्यले, मंग तंग काहून नाही पाह्यला?”

पोते टिकले म्हणजे परीक्षा संपली, असे मी धरून चाललो होतो. पागेत याच चुकीसाठी मी माणसांना दिवसभर उन्हात उभे केले आहे.

त्याने तंग दोन भोके वर ओढला.

“आता बसू का?” नातीने विचारले. विचारले त्याला.

“बस बेटा. पयले दोन बोटं घालून पाह्य. त्याच्याहून जास्त जागा नाही पाह्यजे.”

तिने पाहिले, चढली आणि चार फेऱ्या दुडकी केली. खोगीर हलले नाही. काम चांगले आहे, असे मी कारागिराला सांगितले. त्याने मान हलवली.

आता प्रत्येक धड्यापूर्वी तंग मीच आवळतो. त्यानंतर नात माझ्यासमोर वाकून तो पुन्हा तपासते. आरंभी ते मला टोचले. मी तिला थांबवलेले नाही.