पाठमोऱ्या काकू

काकूंचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. त्यांची पाठ मात्र लगेच आठवते: सुती गाऊन, त्यावर ओढणी आणि मानेवर सैल अंबाडा. कतारला, दोह्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मला वाचायला बसवलं की ओट्याकडे तोंड करून भाजी चिरायला घ्यायच्या. "मी बघत नाहीये. तू वाच," एवढंच म्हणायच्या.

तिसरीत गेले तरी मला वाचता येत नव्हतं. वर्गात माझी पाळी आली की अक्षरं हलायला लागायची, कान तापायचे आणि मागून कोणीतरी हसायचं. घरी आई शेजारी बसून वाचून घ्यायची. तिचं बोट पुस्तकावर आणि नजर माझ्या तोंडावर. त्या नजरेनं येत असलेलंही विसरायला व्हायचं. शेवटी तिनंच मला काकूंकडे धाडलं.

चुकलं तर काकू काही बोलत नसत. सुरी थांबायची. मी पुन्हा त्या शब्दाकडे जायचे आणि बरोबर आलं की सुरी चालू. एका उंटाच्या गोष्टीचं पुस्तक आम्ही इतकं वाचलं की त्याची पानं सुटी झाली. हे आता न बघताही येतं, असं मी कबूल केलं तर म्हणाल्या, "येऊ दे की. ओळखीच्या घरात माणूस धडपडत नाही. मग जाऊ दुसऱ्या घरी."

आईनं मात्र तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगून ठेवलं होतं की मी काकूंकडे गाणं शिकते. नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर आणि मुलीला वाचता येत नाही, हे तिच्या तोंडून निघेना. काकूंचा गळा तर असा, की त्यांनी आरती धरली की काका झांज जरा जोरात वाजवायचे. तरी बेल वाजली की त्या बिनदिक्कत 'सा रे ग म' लावायच्या. माझ्यापायी त्यांनाही खोटं वागावं लागतं याची मला फार लाज वाटायची. एकदा मी रडलेच. ओट्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "वाचन येईल गं लवकर. लाज जायला वेळ लागेल. तुझी आणि तुझ्या आईचीपण."

पुढे काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोघं नाशिकला परत निघाली. मंडळानं निरोप समारंभ ठेवला. निवेदन करणाऱ्या मावशींनी कौतुकानं जाहीर केलं, "आता काकूंची शिष्या गाणं म्हणेल." आई माझ्या कानाशी लागली, "सांग, घसा बसलाय." काकूंना परत द्यायला आणलेलं उंटाचं पुस्तक माझ्या हातात होतं. ते घेऊन मी पुढे गेले.

"मी गाणं शिकत नव्हते," मी म्हणाले. "मला वाचता येत नव्हतं. ते शिकत होते."

मी पुस्तक उघडलं आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर आले. अक्षरं हलायला लागली. तेव्हा काकू खांद्यावरची शाल सावरत उठल्या, सत्काराची खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

"अहो काकू, हे काय?" कोणीतरी विचारलं.

"मला असंच ऐकू येतं," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. मध्ये अडखळले, थांबले, पुन्हा त्या शब्दाकडे गेले. आईची मान खाली गेली होती, ती गोष्ट संपेपर्यंत वर आली नाही. माझी लाज आता तिच्या पदरात पडली, असं मला वाटलं आणि त्याचीही लाज वाटली.

काकू पुन्हा भेटल्या नाहीत. मी आता दोह्याजवळच लुसैलला नोकरी करते. मीटिंगमध्ये रिपोर्ट वाचून दाखवायचा असला की आजही कान तापतात आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या चेहऱ्यांमध्ये मी एक पाठ शोधते.