दादऱ्याचा तुकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेही कधी धड तोंड उघडलं नाही. आज तुम्हाला सांगतेय, तेही अडखळतच. मला मेलीला वर्गात तासभर बडबडायला सांगा, पण ही गोष्ट घशाशी येते आणि तिथूनच परत जाते.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खूप आहे. लग्न होऊन राजापूरकडून सिल्वासाला आले तेव्हा मला इथलं कुत्रंही ओळखत नव्हतं. नवरा दिवसभर कचेरीत, मी गावातल्या आमली भागात दोन खोल्यांत भिंतींशी बोलत बसलेली. भारतीबेननी — आमच्या मॉन्टेसरी शाळेच्या मुख्य बाईंनी — मला बोलावून नोकरी दिली, गुजराती शिकवलं, आजारपणात डबा पाठवला. या गावानं मला पदराखाली घेतलं. उगाच नाही म्हणत.

आमच्याकडे भूगोल हातानं शिकवतात. लाकडी नकाशा, त्याचे सुटे तुकडे, प्रत्येकाला धरायला इवलीशी मूठ. मुलानं तुकडा उचलायचा, कडेनं बोट फिरवायचं, जागेवर बसवायचा, मग नावाची चिठ्ठी वाचून त्याच्यावर ठेवायची. आपल्या इथला नकाशा भारतीबेननी किलवणीच्या सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता. नगर हवेलीचा मोठा तुकडा, आणि मध्ये थोडा गुजरात सोडून बाजूला दादऱ्याचा, बिस्किटाएवढा.

कोमल दादऱ्याची. वडील तिथल्या धाग्याच्या कंपनीत, माणसं मूळ धुळ्याकडची. साडेचार वर्षांची पोर. रोज रिक्षातून गुजरात ओलांडून शाळेत यायची आणि त्या तुकड्याला "माझं घर" म्हणायची. आयुष्यात तिनं वाचलेला पहिला शब्द 'दादरा'. चिठ्ठी हातात धरून, एकेका अक्षरावर बोट ठेवून — आणि मी तो ऐकला! शिकवणाऱ्या बाईला याहून काय हवं? माझ्या हाताखाली वाचायला लागलेलं ते पहिलं मूल. त्या दिवशी घरी जाऊन मी शिरा केला, खरंच सांगते.

एकच खोड तिची, सापडेल ते खिशात घालायचं. मणी, खडू, चिंचोके. सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

आता येते मुद्द्यावर. येतेच — थांबा.

त्या तुकड्याची मूठ निघाली होती. सामान वर्गाबाहेर न्यायचं नाही, हा भारतीबेनचा कडक नियम; बाईंनीसुद्धा नाही. मी मात्र शनिवारी तुकडा रुमालात गुंडाळून घरी न्यायला निघाले. म्हटलं, गोंद लावून आणू, कुणाला कळणारही नाही. आणि घरी बघते तर तुकडाच नाही! पर्स उपडी केली, गादी उचलली, रविवारभर घर धुंडाळलं. सोमवारी तशीच शाळेत गेले.

एक तुकडा कमी असला की अख्खा नकाशा फळीवरून काढून ठेवायचा, ही आमची रीत. तसा तो काढला. मुलं हिरमुसली. भारतीबेननी विचारलं, "दादरा क्यां गयुं?" मी तोंड उघडणार होते — होते का? — तेवढ्यात कुणीतरी पोर म्हणालं, "कोमलच्या खिशात असेल."

आणि मी गप्प बसले.

खोटं बोललेसुद्धा नाही, बघा. नियम मी मोडलेला, नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि समोर आयती खिसेवाली पोर उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तिच्या आईला बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी कोमल आली ती फ्रॉकचे दोन्ही खिसे शिवून बंद केलेले. काळ्या दोऱ्याचे मोठमोठे टाके, घाईत घातलेले. 'दादरा'ची चिठ्ठी हातात घेऊन ती फळीच्या रिकाम्या जागेपुढे उभी राहायची. ठेवणार कशावर? मी तिला मण्यांकडे वळवायचे.

तुकडा सापडला माझ्याच स्कूटरच्या डिकीत, रेनकोटाच्या बाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तेव्हा तरी सांगावं की नाही? भारतीबेन काय खाऊन टाकणार होत्या मला? पण छे. सकाळी लवकर जाऊन मी तुकडा कपाटाखाली सरकवला आणि मुलांसमोर झाडूनं बाहेर काढला. "अगंबाई, हा बघा कुठे आहे!" टाळ्यासुद्धा वाजल्या. नाटकातच जायला हवं होतं मी.

संध्याकाळी कोमलची आई आली. फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. "नादान शे पोरगी, मॅडम. तुम्ही तिला रागावल्या नही, लई मोठं मन तुमचं." मी भाकरी घेतल्या. खाल्ल्यासुद्धा. चवीच्या होत्या हो, सांगायलाही लाज वाटते.

कोमल आता मोठी झाली. बालशिक्षणाचा कोर्स करते आणि सरावासाठी यंदा आमच्याच शाळेत आली. परवा मुलांपुढे तोच नकाशा मांडून बसली होती. इतकी सबुरी, इतका हळुवार हात — मला भरूनच आलं. म्हटलं, देवा, किती दिलंस रे मला. तेवढ्यात एका मुलीच्या हातून चिठ्ठी फाटली आणि ती रडायला लागली. कोमलनं तिला मांडीवर घेतलं. म्हणाली, "रडू नको. मी तर लहानपणी हा तुकडाच लपवला होता, कपाटाखाली. आईनं खूप विचारलं तेव्हा कबूल केलं. पण टीचर एक अक्षर बोलल्या नाहीत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही मला माफ केलंत ना, तेव्हाच ठरवलं मी, तुमच्यासारखी टीचर व्हायचं."

लपवला होता म्हणाली. तिला तसं आठवतंय! आईनं किती खोदून विचारलं असेल, की त्या एवढ्याशा पोरीनं न केलेली गोष्ट कबूल केली? आणि मी कपाटाखालून तुकडा काढून तिचं कबूल केलेलं खरं करून दाखवलं. इतकी वर्षं ती माझी चूक स्वतःची म्हणून सांभाळतेय, आणि वर माझेच आभार मानतेय.

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. कोमल हसत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अगं, लहान होतीस तू. त्यात काय एवढं."