काचेवरची तीट

रतनलालजी गेल्याची वार्ता आली तेव्हा मी सकाळचा अभिषेक आटोपून प्रकाशा गावातल्या मंदिराच्या पायऱ्या उतरत होतो. फोन तळोद्याच्या किशोरचा होता. हा किशोर तळोद्याहून डोंगरातल्या गावांकडे जीप चालवतो. तो एवढेच म्हणाला, "शास्त्रीजी, आपला काचवाला शेठ गया." त्याला काही आठवडे लोटले, तरी शहाद्याला जाण्याचा विषय निघाला की मन आधी त्यांच्या दुकानाकडे वळते.

रतनलालजींचे पूर्वज राजस्थानातून येऊन शहाद्यात स्थिरावले. तसबिरी मढवणे आणि खिडक्यांच्या काचा कापणे हा घरचा व्यवसाय. वाहनाच्या समोरच्या काचेला खडा लागून पडलेला टवका भरण्याची कला मात्र त्यांनी प्रौढ वयात, केवळ हौसेने आत्मसात केली. नवी काच विकायची सोडून शेठ जुन्या काचेलाच औषधपाणी करत बसतात, अशी घरात थट्टा चाले. तेही त्या थट्टेत सामील होत. आमचा स्नेह जुळला तो स्तोत्रांमुळे. एखाद्या सामासिक पदाशी अडले की ते प्रकाशाला येत, आणि अर्थ पटेपर्यंत उठत नसत. हीच चिकाटी त्यांच्या हातातही होती, याचा प्रत्यय मला किशोरच्या जीपमुळे आला.

किशोरचे वडील घाटातल्या अपघातात गेले होते. आई मंगलाबाईंनी मुलाला जीप घेऊ दिली ती मोठ्या नाखुशीने, आणि आधी देवाच्या दारी पूजा करण्याच्या अटीवर. आमच्याच मंदिरापुढे मी पूजा यथासांग केली. किशोरच्या मामांनी नारळ उगारला, तो ओल्या हातातून निसटला आणि थेट समोरच्या काचेवर आदळला. गर्दीतून कोणीतरी विचारले, "नारय देवले व्हता का काचले?" हशा पिकला, मंगलाबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. दोषपरिहार म्हणून मामांनी लगबगीने टवक्यात ओले कुंकू दाबून भरले. ज्या गाडीला देवाच्या दारातच घाव पडला, तिच्यात मुलाला बसू देणार नाही, असे माउलीने निक्षून सांगितले. यात अपशकुन नाही, शास्त्रात असे काही सांगितलेले नाही, हे मी परोपरीने समजावले. पण भयाला वचनांनी उतार पडत नाही. शेवटी मीच सर्वांना घेऊन शहाद्याला गेलो.

रतनलालजींनी काच न्याहाळली आणि जीप निंबाच्या सावलीत लावायला सांगितली. किशोरला घाई होती. ते म्हणाले, "काच तापेल शे. तू च्या पी, तिलेबी ठंडी होऊ दे." टवक्यात द्रव भरणे फारसे अवघड नसते, भरलेली जागा नितळ दिसणे अवघड असते, असे ते सांगत. आत ओल वा धूळ राहिली तर ती तिथेच कायमची कोंडली जाते. इथे तर नारळाचे पाणी आणि कुंकू दोन्ही मुरलेले! सुईच्या टोकाने आणि औषधाच्या थेंबांनी ते कुंकवाचा कण न् कण बाहेर काढत होते. पुन्हा धूत होते, पुन्हा वाळवत होते. मग पिचकारीसारख्या यंत्राने आतली हवा ओढून घेतली आणि राळेसारखा पारदर्शक द्रव सावकाश आत सोडला. वर पातळ पापुद्रा ठेवून जांभळ्या दिव्याखाली तो घट्ट होऊ दिला. त्यानंतर पाते काटकोनात धरून उंचवटा खरवडला आणि शेवटी मलम लावून बोटाने घासत राहिले... एखादा उपासक गंध उगाळतो, तसे.

मंगलाबाईंनी आतून पाहिले, बाहेरून पाहिले. त्यांना काही दिसेना. "कोठे व्हता तो?" त्यांनी विचारले. त्या क्षणी रतनलालजी नुसते हसले असते तरी सारे निभावले असते. मीही मनोमन तीच प्रार्थना करीत होतो. त्यांनी मात्र हातातले फडके खाली ठेवले, मंगलाबाईंना उन्हाच्या बाजूला उभे केले आणि काचेवर बोट टेकवले.

"माय, आठे शे. बारीक ठिपका ऱ्हायना, तो जावाव नही. पन आठून काच आते फुटाव नही."

मंगलाबाई त्या उरलेल्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. पोऱ्याले कायी तीट लावतस ना, तशी समजसू."

पुढे कधी वाहनपूजेचा विषय निघाला की रतनलालजी मला बजावत, "शास्त्रीजी, नारळ आणि काच यांच्या मध्ये तुम्ही उभे राहत जा, तुमचे कपाळ मला भरता येणार नाही." सत्य इतक्या मृदूपणे हाताळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा त्यांच्या घरी सांत्वनाला जायचे होते. किशोर मला न्यायला जीप घेऊन आला. मंगलाबाई पुढच्या आसनावर होत्या. मी मागे बसलो. किशोरने गाडी सुरू केली, पण हलवली नाही. मी काही विचारणार, तोच मंगलाबाईंनी हात पुढे केला आणि काचेवर एका जागी आतून बोट टेकवले. मला मागून तिथे काहीच दिसत नव्हते. त्यांचे ओठ किंचित हलले... नाव देवाचे होते की शेठचे, कोण जाणे. मग हात मांडीवर घेत त्या म्हणाल्या,

"चाल, पोऱ्या."