गवारीचं पाणी

वाळवलेली भाजी शिजवायच्या आधी भिजवतात. माझी बायको कौसा त्या भाजीला हात लावायच्या आधी तिचं पाणी प्यायची. घोटभर तोंडात घ्यायची, डोळे मिटून घोळवायची. पाणी चवदार लागलं की हिचं तोंड कडू. "चव पान्यात उतरली म्हंजे भाजीत राहिलं काय? चोथा!" पाणी फिकं लागलं की खूश.

आमच्या सोनई गावातल्या घराच्या स्लॅबवर उन्हाळाभर तिची बाज असे. बाजेवर जुनं धोतर, धोतरावर गवार नाहीतर मटार. शेजारणी म्हणायच्या, बरंय बाई, फुकटात वर्षाची भाजी. ही उसळायची. "उन्हाचं बिल येत न्हाई, पर माझं टाळकं तापतं त्ये कुनी धरलंय का?" हातात काठी, नजर चिमण्यांवर. मी जेवताना कधी कौतुक करत नाही. नावडलं तर मोठ्यानं सांगतो, आवडलं तर गप खातो.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी जिभेची चव गेली. भाकरी लोखंडासारखी लागते म्हणून ताट सारायची. नुसती हाडं राहिली. सलाईन लावणाऱ्या नर्सला म्हणायची, "कितीबी भिजव बाई, ह्ये वाळवण आता उठायचं न्हाई." नर्स हसायची. मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

घरी आणल्यावर नगरहून आमची मुलगी मंदा आली. तिनं मटारची पुडी आणली. आधी गोठवून मग मशीनमध्ये पाणी काढलेले. पुडी मूठभर, पण तेवढ्या पैशात बाजाराची पिशवी भरली असती. आई चार घास खाईल, एवढीच पोरीची आशा. कौसानं एक दाणा बोटांत धरला. "फुलावानी हलका हाय की गं." मग मला हुकूम सोडला, "माझी जीभ मेलीय. तुमी चाखा. ह्ये बी अन् माझं बी. खोटं बोलाल तर बगा!"

तिचे मटार, तिची गवार आणि पुडीतले मटार वेगवेगळे भिजवले. पुडीतले बघता बघता टरारले, हिरवेगार. तिचे तासाभरानंही सुरकुतलेले. मंदा मला खुणावत होती, आईचंच चांगलं म्हणा.

मी म्हणालो, "मटार पुडीतले चांगले. गोड हायती. तुझे चिवट."

मंदानं कपाळाला हात लावला.

"आन् गवार?" कौसानं विचारलं.

"तशी गवार मी दुसरीकडं कुठं खाल्ली न्हाई."

असलं मी जन्मात बोललो नव्हतो. कौसा म्हणाली, "मटारचं खरं बोलला, म्हंजे गवारीचंबी खरं आसंल. मंदे, शिजव ती. ह्यांच्या जिभेवर इस्वास ठिवून खाते."

आणि खाल्ली. वाटीभर. वाटी पुसत म्हणाली, "मटार नका करू फिरून. गवारीचं वाळवण मातुर मोडू नका."

त्यानंतर तिनं काही खाल्लं नाही. गेली.

माणूस गेलेल्या घरात वर्षभर वाळवण करत नाहीत. शेजारची भामाबाई म्हणाली, "भाऊ, वंगाळ आसतं त्ये."

"आता अजून काय व्हायचं ऱ्हायलंय?" म्हणालो आणि गवार आणली. मिठाच्या पाण्यात उकळली, बाजेवर पसरली, काठी घेऊन बसलो. टाळकं तापतं, खरं आहे. किती वेळ उकळायची, तेवढं तिला विचारायचं राहून गेलं होतं.

वाळल्यावर मूठभर भिजवली. आधी पाणी प्यालो. पाणी फार चवदार लागलं.

"बिघडलीय!" मी नेहमीसारखा मोठ्यानं म्हणालो.

मग चोथा शिजवून खाल्ला.