कासिमभाईंच्या गिरणीचं पहिलं दळण

कासिमभाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीची मंडळी माझ्याकडं आली ती विषय ठरवूनच. "बाई, तुम्ही त्यांच्या गिरणीचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्या धाडसाविषयी लिहा." मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. ठरवून दिलेल्या विषयावर निबंध मुलांनी लिहायचे असतात, मी नाही. मी चप्पल घातली आणि सरळ कासिमभाईंचं घर गाठलं. ते ओट्यावर बसून चष्मा पुसत होते. काय लिहू, असं विचारल्यावर म्हणाले, "धाडस लिहू नका, वैनी. खोटं व्हईल. म्या भ्यालो व्हतो, ते लिहा. ते लिहिणार नसाल तर माझ्यावर काहीच लिहू नका." म्हणून हा लेख भीतीचा आहे. गौरवग्रंथात तो बसतो का, ते संपादकांनी बघावं.

कासिमभाईंची आणि माझी ओळख झाली ती निजामाच्या राजवटीतल्या शेवटच्या वर्षांत. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मी नुकतीच लग्न होऊन बेंबळीत आले होते. यजमान परंड्याकडं एका शाळेत मास्तर होते आणि महिन्यातून एकदा घरी यायचे. घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा उजवा हात लकव्यानं गेलेला. मला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्हीदा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. तिसऱ्या खेपेला सुईणीनं बजावलं, "जात्यावर बसलीस तर हे बी जाईल." तिचं सांगणं बरोबर होतं, पण ज्वारी काही कुणी तशीच चावून खात नाही. रोज पहाटे मी एक हात जात्याच्या खुंट्याला लावायची आणि दुसरा पोटाला. ती भीती मला अजून आठवते.

त्याच सुमारास कासिमभाई गावात परत आले. लातूरकडं कापसाच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. तिथं भंगारात निघालेलं एक इंजन त्यांनी बैलगाडीत घालून आणलं, पुर्जा न् पुर्जा सुटा करून पुन्हा जोडला आणि वेशीबाहेर पत्र्याच्या शेडात पीठगिरणी उभी केली. भागीदार कुणी नाही, पाठीशी कुणी नाही. ते, त्यांच्या पत्नी जैनबभाभी आणि आठ महिन्यांची रजिया, एवढाच त्यांचा कारभार. गावातली ती पहिली गिरणी. पहिल्या दिवशी इंजन धडधडलं, काळा धूर निघाला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की इंजनाला लेकराचं रगत लागतं. पोटुशा बायकांनी तर तिकडची वाटच सोडली. नुसत्या आवाजानं पोटातलं खाली येतं म्हणे.

कासिमभाईंनी घरन् घर पालथं घातलं. दारात उभे राहायचे, नीट समजावून सांगायचे. पुरुष "बघू" म्हणायचे आणि बायका दार लोटून घ्यायच्या. दाणा कुणाच्या घरचा आधी पडणार, आपल्या पिठात कुणाचं पीठ मिसळणार, हेही प्रश्न होतेच. त्यावर त्यांनी तोड काढली होती. ज्याचं दळण त्यानं समोर बसायचं, गिरणीचं तोंड आपल्या हातानं झाडून घ्यायचं आणि पहिली मूठ जनावराला टाकायची. पण आधी कुणी यायला तर हवं. त्यात लढाईमुळं इंजनाचं तेल परवान्यावर मिळायचं. कचेरीतला माणूस महिनाअखेर येऊन बघणार होता, आणि गिरणी रिकामी दिसली असती तर परवाना रद्द. वीस दिवस गेले. एक पायली ज्वारीसुद्धा आली नाही.

एकविसाव्या दिवशी आत्याबाई बाहेरून आल्या त्या हादरूनच. "अगं, त्या कासिमनं आपली पोरगी इंजनापाशी टांगलीय म्हणं. रगत लागत न्हाय हे दावायला." मग म्हणाल्या, "म्हंजी ते खोटंच आसंल की गं. जा, बघून ये. पर लांबून." मी पदराखाली ज्वारीची दुरडी घेतली आणि निघाले.

सगळं गाव शेडासमोरच्या लिंबाखाली उभं होतं. शेडाच्या आत त्यांच्यातलं कुणीही नव्हतं. इंजन चालू होतं, पत्रे थरथरत होते, आणि गिरणी फिरवणाऱ्या पट्ट्यापासून दोन हातांवर वाशाला झोळी बांधलेली, तिच्यात रजिया निजलेली. कासिमभाई पट्टा आणि झोळी यांच्या मधोमध उभे होते. लोक एकमेकांना म्हणत होते, काय छातीचा माणूस आहे. माझं लक्ष मात्र त्यांच्या पायांकडं गेलं. पायजमा लटलट हलत होता, आणि तो इंजनाच्या धक्क्यानं हलत नव्हता.

मला असा संताप आला की लांबून बघायचं वगैरे सगळं विसरले. तरातरा आत गेले. तोवर मी या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते.

"पोरगी कुणाची?"

"माझीच, वैनी."

"मग आधी तिला खाली काढा आणि आईजवळ पोचती करा. तोवर माझी ज्वारी मिळायची नाही."

त्यांनी दुरडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अगदी हळू म्हणाले, "आता काढलं तर लोक म्हणतील, भ्याला."

"भ्यालाच आहात की."

त्यांनी इंजन बंद केलं. झोळीची गाठ त्यांच्या हातून सुटेना. ती मी सोडली आणि रजियाला त्यांच्या हातात दिलं. ते तिला घरी पोचवून आले, मी गिरणीचं तोंड झाडलं, आणि बेंबळीतलं पहिलं दळण पडलं. पीठ कोमट होतं. ते घेऊन मी बाहेर आले तेव्हा लिंबाखालच्या बायका माझ्या पोटाकडं बघत होत्या.

तेव्हा कुठं मला उमगलं की मी काय करून बसले होते. त्यांची लेक झोळीतून काढून माझं पोर तिच्या जागी उभं केलं होतं. आता सगळं गाव दिवस मोजणार होतं. मूल सुखरूप झालं तर गिरणी चालणार, आणि काही वेडंवाकडं झालं तर इंजनानं खाल्लं म्हणणार. घरी येऊन मी आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्याही रडल्या. मग उठून त्याच पिठाच्या भाकरी केल्या, कारण भूक लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून कासिमभाईंनी मला गिरणीची पायरी चढू दिली नाही. दळण न्यायला ते स्वतः दारात यायचे, आत्याबाईंना सोबत घेऊन जायचे आणि पीठ आणून द्यायचे. दारातून एकच विचारायचे, "वैनी, बरं हाय ना?" जैनबभाभींनी पुढं सांगितलं की माझ्या बाळंतपणापर्यंतच्या त्या तीन महिन्यांत कासिमभाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. त्याच दिवसांत कासिमभाईंनी मला दुसरंही विचारलं, "गावात अजून कुणाच्या घरी दळायला हात न्हाय?" मी घरं सांगितली. एक ओली बाळंतीण, एक म्हातारं जोडपं, बोटं झडलेली एक बाई. ज्यांना भीतीपेक्षा गरज मोठी होती, ती माणसं आधी आली. कचेरीतला माणूस तपासणीला आला तेव्हा शेडात चार दुरड्या होत्या. पुढं मला मुलगा झाला, धडधाकट, आणि दुसऱ्या आठवड्यात गिरणीपुढं रांग लागली. माझी पहाट जात्यातून सुटली. त्या वेळात यजमानांची पुस्तकं वाचत गेले, परीक्षा दिल्या आणि शिक्षिका झाले. गावातल्या कितीतरी बायकांना कासिमभाईंनी असा वेळ दिला, आणि हे काम छोटं नाही.

बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं मी स्वतः दळण घेऊन गेले, त्या दिवशी पट्टा तुटला. फट्‌ असा आवाज झाला आणि पट्ट्याचं टोक सापासारखं उडून वाशाला आपटलं. त्याच वाशाला उंदरांच्या भीतीनं ज्वारीचं पोतं टांगलं होतं. ते उभं फाटलं. ज्वारी जमिनीवर पडत राहिली. कासिमभाईंनी इंजन बंद केलं, बाहेर गेले आणि भिंतीला धरून ओकले. रांगेतले लोक हसले, पट्ट्याला काय भ्यायचं म्हणाले. मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की पट्टा झोळीच्या जागी आपटला हे रजियाला कधी सांगायचं नाही.

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत गिरणी बंद होती. त्या दिवसांविषयी ते बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

रजिया दहा वर्षांची असताना एकदा वडिलांची भाकरी घेऊन शेडात शिरली. कासिमभाईंनी तिच्या थोबाडीत मारली. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणावर हात उगारलेला मी तेवढाच पाहिला. त्यानंतर रजियानं गिरणीत पाऊल टाकलं नाही. आता ती सोलापुरात असते. वर्षातून दोनदा येते, आल्यावर वडिलांना सलाम करते आणि आतल्या खोलीत जाऊन बसते. जैनबभाभी गेल्या त्या वर्षी ती मला म्हणाली, "अब्बांना गिरणीपुढं म्या कधी दिसलेच न्हाय, मावशी." वचनापायी मी गप्प बसले. फार वाईट वाटलं.

परवा ओट्यावर कासिमभाईंनी मला त्या वचनातून मोकळं केलं. "माझ्या तोंडून निघत न्हाय. तुमीच लिहा." मग म्हणाले, "समारंभाला ती पहिल्या रांगेत बसंल. वाचून उठून गेली तर, वैनी?"  मी घरी येऊन लिहायला बसले.

रजिया, बाकीच्यांनी हा लेख वाचला काय आणि न वाचला काय, तो तुझ्यासाठी आहे. वडिलांनी तुला गिऱ्हाइकांसाठी पणाला लावलं, हे खरं आहे. ते चुकले, हेही खरं आहे. त्या शेडात तुझं पाऊल पडू नये म्हणून त्यांनी तुझा राग आयुष्यभर सोसला, हेही आता तुला कळलं. कासिमभाईंना दीर्घायुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, असं आम्ही सगळेच म्हणणार. मी आयुष्य मागते आहे ते एका कामासाठी. तुला राग येईल, तो यायलाच हवा. मनात येईल तितके दिवस बोलू नकोस. मग एक दिवस ये आणि त्यांच्याशी कडकडून भांड. ते भांडण होईपर्यंत, आणि ते मिटल्यावर बापलेकींना एकत्र जेवता येईल एवढं तरी, आयुष्य त्यांना मिळो.