नानांनी आणलेला कंडेन्सर

नाना गेले त्या दिवशी माझ्या ऑनलाइन कार्टमध्ये चार माइक पडून होते.

चार. आणि घेतलेला एकही नाही.

आज वर्ष झालं. त्यातला कोणता घ्यायला पाहिजे होता, ते मला अजून कळलेलं नाही. हसू नका, खरंच नाही कळलं.

नाना म्हणजे माझे सख्खे काका. तहसील ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. पण मेहकरपासून जानेफळपर्यंत लोक त्यांना ओळखायचे ते मंगलाष्टकांमुळे. स्वतः रचायचे, नवरानवरीची नावं त्यात गुंफायचे आणि माइक बाजूला सारून म्हणायचे. मांडवाच्या पार शेवटी जेवणाच्या लायनीत घुसलेला माणूसही तिथूनच अक्षता टाकायचा.

मग त्यांचा दम गेला. चार पावलं चालले की बसायचे.

आणि नेमकं तेव्हाच सायलीचं लग्न ठरलं. मंगलताईची मुलगी, नानांची एकुलती एक नात.

नाना माझ्याकडे आले. मी मास्तर, पण घराच्या मागच्या खोलीत छोटासा सेटअप आहे, शाळेच्या गॅदरिंगची गाणी वगैरे करतो. म्हणाले, आता उभं राहून म्हणणं होत नाही, तू रेकॉर्ड करून ठेव अन् मांडवात लावून दे.

मी म्हटलं, नाना, तुमचा आवाज असा-तसा नाही घ्यायचा. चांगला कंडेन्सर घेऊ.

झालं. कंडेन्सर म्हणजे स्टुडिओतला नाजूक माइक; त्याच्या शोधात मी जो घुसलो तो घुसलोच.

मोठ्या डायफ्रामचा की छोट्या? यूएसबी की एक्सएलआर? एक व्हिडिओवाला म्हणे, जाड आवाजाला हाच. दुसरा म्हणे, हा तर चुकूनही घेऊ नका. फँटम पॉवर म्हणजे काय हे समजायला मला एक अख्खा रविवार लागला आणि पुढच्या रविवारपर्यंत मी ते विसरलो.

पंधरा दिवसांनी नाना ऑटो करून आले. खिशातून कागदाची पुडी काढली.

"हा घे तुहा कंडेन्सर."

पंख्याचा होता.

आता आपल्याकडे कंडेन्सर म्हटलं की दुसरं काय असतं? त्या खोलीतला पंखा वर्षभर घूं घूं करत, रडत-पडत फिरायचा. नानांना वाटलं, पोरगं यासाठीच अडून बसलंय. दम लागत असताना स्वतः इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन आले होते.

मी पोट धरून हसलो. स्टाफरूममध्ये सांगितलं, आपल्या या ग्रुपवर टाकलं. तुमच्यापैकी कित्येकांनी तेव्हा हसायचे इमोजी दिले होते. तुमची चूक नाही, मीच तसं लिहिलं होतं.

नानाही हसले. मग विचारलं, मंग तुहा कंडेन्सर काय करते?

मी सांगितलं, तो लय बारीक ऐकतो. तुमचा श्वाससुद्धा पकडतो. चौकातला हॉर्नही.

"मले माहा आवाज पायजे बे. चौकाचं काय करू?"

पुण्याचा माझा साउंडवाला मित्रही शेवटी तेच म्हणाला! तुझ्या खोलीत कंडेन्सर सगळा गोंगाट उचलेल, जवळचाच आवाज घेणारा डायनॅमिक माइक घे. मी आणखीच गोंधळलो. त्याला इतके फोन केले की तो वैतागला. म्हणाला, काकांच्या आवाजाचं सॅम्पल पाठव, मग सांगतो.

म्हणून नानांना खुर्चीवर बसवलं आणि मोबाइलवर एक मंगलाष्टक घेतलं. पंखा बंद करायचंही डोक्यात आलं नाही. सॅम्पलच तर होतं.

"कुर्यात् सदा मंगलम्" पर्यंत आले आणि थांबले.

मी म्हटलं, नाना, शुभ मंगल सावधान राह्यलं.

"सॅम्पलवर कोणी सावधान म्हणते काय बे? माइक आला की म्हणीन."

मी अजून दोन दिवस विचार केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता नाना गेले.

लग्न पुढे ढकललं नाही. काही झालं तरी तारीख हलवायची नाही, असं नानांनीच मंगलताईला बजावून ठेवलं होतं. मी ते सॅम्पल कॉम्प्युटरवर साफ करायला बसलो. पंख्याचा आवाज काढला की नानांचा श्वासही निघून जायचा. श्वास ठेवला की पंखा परत हजर. शेवटी होतं तसंच लावलं.

मांडवात आधी पंखा ऐकू आला. मग नाना, "चालू झालं काय बे?"

लोक हसले. मग नाना गायले. मधे दम लागला, थांबले, परत गायले. कुर्यात् सदा मंगलम्...

आणि पुढे नुसताच पंखा. घूं घूं.

मुठीत अक्षता धरून अख्खा मांडव थांबलेला. गुरुजी अंतरपाट धरून माझ्याकडे पाहतायत. अंतरपाटामागे सायली हुंदके देऊन राह्यली. मला सुचेना, कोणी म्हणायचं? नानांच्या मागून आपण म्हणावं की नाही?

शेवटी मीच म्हटलं. बेसूर.

शुभ मंगल सावधान.

माइक नव्हता. तरी शेवटच्या रांगेतून अक्षता आल्या.

आज सकाळी ड्रॉवर आवरताना ती पुडी हाती लागली. स्टुलावर चढलो आणि तो कंडेन्सर पंख्याला बसवला. पंखा भिंगरीसारखा फिरायला लागला. आवाज म्हणून नाही. खोली एकदम चूप झाली. मी तिथंच खाली बसून रडलो.

आता ही खोली रेकॉर्डिंगला तयार आहे, नाना. म्हणजे पहिल्यापासून हाच पाहिजे होता काय? मला खरंच कळत नाही.

एवढं मात्र कळलं. तुम्ही आणलेला कंडेन्सर बरोबर होता. बसवायला मी उशीर केला.

नाना, तुम्हाला मनापासून श्रद्धांजली. पंखा चालू आहे.